तिथीच्या पाऊणपट: पुणे ते महाड, एका दिवसात

पुण्यातल्या माणसाला महाड म्हणजे रायगडाला जाताना चहा प्यायचं आणि डिझेल भरायचं गाव. मीही आजवर आठ-दहा वेळा तिथून गेलो असेन, पण गावात एकदाही शिरलो नव्हतो. जानेवारीत काकांचा फोन आला. "महाडला जायचंय. गडावर नाही, महाडला."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय 78. जन्म महाडचा. बारा वर्षांचे असताना सगळं बिऱ्हाड सदाशिव पेठेत आलं, तेव्हापासून पक्के पुणेकर. पण रागावले की बोलण्यात अजून कोकण उतरतं. माझ्या लेकीने, सईने, नुकतंच लायसन्स काढलंय. गाडी ती चालवणार, मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबणार आणि काका मागे, असं ठरलं.

वार ठरवताना काकांनी सुट्टी पाहिली नाही, कालनिर्णय पाहिलं. "या रविवारी षष्ठी आहे. सहाच्या पाऊणपट साडेचार. म्हणजे बाणकोटच्या तोंडाशी साडेचारला भरती पुरी होणार. दासगावला त्यानंतर तासाभराने." (महाडची सावित्री नदी बाणकोटला समुद्राला मिळते, दासगाव हे त्याच खाडीवरचं महाडजवळचं बंदर.) सईने लगेच मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढलं. दहा-बारा मिनिटांचा फरक निघाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातल्या कुठल्याही नाखव्याच्या तोंडचा हिशेब. मला पन्नास वर्षांत कोणी सांगितला नव्हता. "पण भांग जवळ आलाय, पाण्याला जोर नसणार," काका नाराजीने म्हणाले. उधाण म्हणजे जोराची भरती, ती अमावास्या-पौर्णिमेला; भांग म्हणजे कमी जोराची, अष्टमीच्या आसपास. षष्ठी म्हणजे उधाण ओसरून भांगाकडे निघालेलं पाणी.

सकाळी पावणेसहाला कोथरूडहून निघालो. साताऱ्याच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कापूरहोळला महामार्ग सोडून उजवीकडे भोरचा रस्ता धरला, भोरला मिसळ खाल्ली (तर्री मागून घ्यावी लागली, तीही मोजून मिळाली) आणि पुढे निघालो. भोर हे पंतसचिवांचं संस्थान, राजवाडा गावातच आहे. काकांनी गाडी थांबवू दिली नाही. "परतीला बघू." परतीची वाट दुसरी होती, हे त्यांनाही माहीत होतं.

भोर सोडल्यावर रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याला धरून वळत राहतो. हा हिरडस मावळ, बाजीप्रभू देशपांड्यांचा मुलूख. नावातच हिरडा आहे. काकांचे आजोबा महाडच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होते आणि वखारीत हिरड्याची पोती छतापर्यंत रचलेली असत, असं त्यांच्याकडून ऐकलेलं. हिरडा औषधाला लागतो, कातडी कमवायलाही लागतो. डोंगरात गोळा करायचा, बैलाच्या पाठीवर घालून घाट उतरवायचा आणि बंदरातून पुढे पाठवायचा. "हिरडा खाली आणि मीठ वर," काका म्हणाले. घाटाचा सगळा इतिहास त्यांनी चार शब्दांत उरकला. सईला मीठ घाट चढून येतं याचंच नवल वाटलं. तिच्या हिशेबी मीठ पुडीत येतं.

वरंध घाटाबद्दल आधीच सांगतो: पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद असतो, कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. इतर वेळीही रस्त्याचं काम कुठे ना कुठे चालू असतं. चौकशी करूनच निघावं. आम्हाला वाट मोकळी मिळाली, पण रस्ता काही ठिकाणी एवढा अरुंद की समोरून एसटी आली तेव्हा सईने गाडी डोंगराला चिकटवली आणि श्वासही रोखला. वाघजाईच्या देवळापाशी थांबलो, कारण गाडीतून जळका वास यायला लागला होता. लेकीने चढ संपल्यावर उतारभर ब्रेकवर पाय ठेवला होता. "दुसऱ्या गियरला टाक, गाडी आपोआप आवरते," हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. तिच्या मते एकदाही नाही. ब्रेक निवेपर्यंत कांदाभजी आली. माकडांनी पहिली प्लेट नेली, दुसरी आम्ही खाल्ली.

घाटरस्त्याने इथे कावळ्या किल्ल्याचे दोन तुकडे केले आहेत. बहुतेक लोकांना आपण एका किल्ल्याच्या मधून गाडी नेतोय हे कळतही नाही. मलाही काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. हा किल्ला म्हणजे या वाटेचा पहारेकरी. समोर खाली कोकण, एका अंगाला शिवथरची दरी. समर्थांची शिवथरघळ याच बाजूला खाली आहे. धुकं इतकं होतं की दिसत काही नव्हतं, नुसतं आहे असं वाटत होतं.

इथेच काकांनी दुसऱ्या बाजीरावाचा विषय काढला. 25 ऑक्टोबर 1802, दिवाळीचे दिवस. हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि बाजीराव पुणं सोडून निघाला. आधी सिंहगड, मग घाट उतरून महाड. तिथून किनाऱ्याने वर सरकत इंग्रजांच्या आश्रयाला वसईला आणि 31 डिसेंबरला तह. मराठी राज्याचा कणा त्या तहाने मोडला. शाळेत आपण वसईचा तह पाठ केला, पण पेशवा वसईला पोचला कसा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुण्याहून समुद्राकडे जायचं तर महाडच. त्याच्या सहा वर्षं आधी, 1796 मध्ये, पुण्यातलं राजकारण उलटल्यावर नाना फडणीसही महाडलाच येऊन बसले होते आणि तिथूनच त्यांनी सूत्रं हलवून बाजीरावाला गादीवर आणण्याची जुळणी केली. पुण्यात तापलं की घाट उतरायचा आणि पाठीशी नदी ठेवून बसायचं. सई म्हणाली, "म्हणजे बॅकअप." मी काही बोललो नाही, कारण शब्द बरोबर होता.

माझेरी, वरंध, बिरवाडी. बिरवाडीला औद्योगिक वसाहत आहे, ती डोळ्यांआधी नाकाला कळते. राजेवाडीजवळ महामार्गाला लागलो. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री याच परिसरात कोसळला होता, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या होत्या. काकांनी खिडकीतून हात जोडले. साडेदहाला महाडात.

गाडी लावली आणि काका पाच मिनिटांत हरवले. म्हणजे ते आमच्यासोबतच होते, पण गाव हरवलं होतं. कौलारू घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती. ज्या कोपऱ्यावर त्यांचं घर असायला हवं तिथे मोबाइलचं दुकान. त्यांनी दुकानदाराला विचारलं, त्याने त्याच्या वडिलांना फोन लावला, वडिलांनी फोनवर काकांच्या आजोबांचं नाव ओळखलं. एवढ्यावर काका खूश. मग दुकानदाराने स्वतःहून 22 जुलै 2021 चं सांगितलं. पूर कुठवर आला हे दाखवायला त्याने हात उंचावला, हात पुरेना, तेव्हा स्टुलावर चढून वरच्या फळीवर बोट ठेवलं. त्या फळीवर आता तो काहीच ठेवत नाही. त्याच पावसात तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाडात लोक लग्नं आणि बारशी पुरावरून मोजतात: 2005 च्या आधीचं, 21 च्या नंतरचं.

बाजारपेठेतून सुकट गल्लीकडे गेलो. गल्लीचं नावच सुकट. ज्या गावापासून समुद्र चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, त्या गावात सुक्या मासळीची अख्खी गल्ली कशी, याचं उत्तर नदी आहे. काकांनी सुकट आणि बोंबील घेतले. मी डिकीत ठेवा म्हटलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

भोई घाटावर पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि ओहोटी होती. खरं सांगायचं तर निराशाच झाली. नदी मधोमध आक्रसून वाहत होती, काठाला करडा चिखल, त्यात बगळ्यांची पावलं आणि शेंगदाण्याएवढे खेकडे. जवळ गेलं की सगळे एकदम बिळात, दहा आकडे मोजेपर्यंत थांबलं की एकेक डोळा बाहेर. सई तिथे उकिडवी बसून राहिली. काका पाण्याकडे बघत सांगत होते. मोठं गलबत इथवर येत नसे. ते दासगावला थांबे, पुढे पडाव, म्हणजे लहान होड्या, भरतीवर महाडला येत. वल्ही मारायची ती वळणावर, एरवी पाणीच घेऊन येई. त्यांच्या लहानपणी आलेला शेवटचा माल त्यांना आठवतो तो मंगळुरी कौलांचा. खलाशी साखळी करून कौलं एकमेकांकडे फेकत आणि झेलत, फुटलं की मुकादमाची शिवी. "एक कौल फुटलं की एक शिवी. त्यामुळे किती फुटली ते घरबसल्या कळायचं."

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. गांधारी तिला महाडपाशी मिळते. दोन नद्या, वर घाट, खाली खाडी. बंदर इथे झालं नसतं तरच नवल. आता गाळ साचलाय, माल ट्रकने येतो आणि गावाने नदीकडे पाठ केली आहे. घाटाकडे जाणाऱ्या बोळातल्या घरांच्या मोऱ्या नदीच्या बाजूला उघडतात, दारं रस्त्याच्या.

चवदार तळ्याकडे जाताना काका गप्प होते. तळं ऐन गावात आहे, चारही बाजूंनी बांधलेलं, बाबासाहेबांचा पुतळा, पायऱ्या. रविवार असल्याने कुठूनशी सहल आली होती. शाळकरी मुली ओळीने एकेक ओंजळ पाणी हातात घेऊन फोटो काढत होत्या.

माहिती बहुतेकांना असते, पण क्रम नीट लावला तर जास्त बोचते. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर झालं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि मग तळ्यात पंचगव्य ओतून 108 घागरींचं शुद्धीकरण झालं. कोर्टकज्जा दहा वर्षं चालला, 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: मज्जाव करण्याची पुरातन रूढी सवर्णांना सिद्ध करता आलेली नाही.

"आमच्या घरी याच तळ्याचं पाणी यायचं," काका म्हणाले. "आजोबा तेव्हा इथेच होते. तिशीत असतील. त्यांनी आम्हाला पुराच्या गोष्टी सांगितल्या, गलबतांच्या सांगितल्या, कौलांच्या सांगितल्या. वीस मार्चची कधी नाही." सईने विचारलं, "तुम्ही विचारलं नाही?" काका म्हणाले, "विचारण्याइतका शहाणा झालो तोवर ते गेले होते." मला वाटतं, विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. ज्या गावाला कुठल्याही किनाऱ्याचं मीठ, कोणाच्याही हातची कौलं आणि सुकट चालत होती, त्या गावाला ओंजळभर पाण्याने विटाळ झाला. आपल्या घरातलं कोण कुठल्या बाजूला उभं होतं, हे अशा वेळी घरातली माणसं सांगत नाहीत.

जेवण: सुरमईची थाळी, तांदळाची भाकरी, सोलकढी. सुरमई चांगली. सोलकढी पुण्यातल्यासारखीच गुलाबी आणि पुण्यातल्यासारखीच पांचट. बिलात एक थाळी जास्त लावली होती. दाखवल्यावर "चुकून" असं म्हणून खोडली. हॉटेलचं नाव लिहीत नाही.

अडीचला गांधारपाल्याची लेणी. महाडपासून दोनेक किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला अगदी लागून. गाड्या शंभराच्या वेगाने खालून जातात आणि कोणी मान वर करत नाही. काका खाली झाडाखाली बसले, आम्ही पायऱ्या चढलो. 28 च्या आसपास लेणी आहेत, ओळीने डोंगरात कोरलेली. काही ऐसपैस, काही अर्धवट सोडलेली, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. पहिलं लेणं सगळ्यात मोठं, पुढे खांबांचा व्हरांडा, आत सभागृह, भिक्षूंच्या खोल्या आणि मागच्या भिंतीला बुद्ध.

पण मला गुंतवलं ते ब्राह्मी लेखाने. कुमार काणभोअ विण्हुपालित नावाच्या कोणा राजपुत्राने दिलेल्या दानाची ती नोंद. काय काय दिलं? लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढी आणि लेण्याकडे येणारी वाट. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लेखातला शब्द 'ओवरक' आहे, आपण अजून ओवरीच म्हणतो. दुसरा एक लेख व्यापाऱ्याच्या घराण्यातल्या दानाचा. बंदर होतं म्हणून व्यापारी होते, व्यापारी होते म्हणून लेणी कोरायला पैसा होता. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथात आलेलं पालैपत्मै नावाचं बंदर म्हणजे हेच गांधारपालें, असं काही अभ्यासक मानतात. सई टाक्यापाशी वाकून बसली होती. पाणी होतं, हिरवं पण होतं. "अठराशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी खोदलं," ती म्हणाली, "आणि तिथे खाली..." पुढे ती बोलली नाही. व्हरांड्यातून खाली महाड दिसत होतं, गांधारी दिसत होती, आणि ऊन पडल्यामुळे सावित्री चकाकत होती. चिखल दिसत नव्हता.

सवचे गरम पाण्याचे झरे पलीकडच्या काठाला आहेत, ते राहिले. काकांना साडेचार चुकवायचे नव्हते.

दासगावला सव्वाचारला पोचलो. महामार्ग सोडून खाडीकडे उतरलं की एकदम आवाज थांबतो. दोन-तीन होड्या काठाला बांधलेल्या, लांब कोकण रेल्वेचा पूल. 1993 मध्ये रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत आली, वीर इथून हाकेच्या अंतरावर. त्याआधी या भागाचं स्टेशन म्हणजे दासगावचं हे बंदरच. 1927 च्या डिसेंबरात, महाडच्या दुसऱ्या परिषदेला येताना, वाटेत अडवणूक होईल या भीतीने बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची मंडळी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाली आणि 25 तारखेला दुपारी इथे उतरली. इथून महाड पाच मैल, सगळे चालत गेले. परिषदेला गावात जागा मिळत नव्हती, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. पुस्तकात वाचताना मला 'दासगाव बंदर' हे दोन शब्द कधी दिसलेच नव्हते. आता पायाखाली होते.

काकांनी पाण्याच्या रेषेवर काठी रोवली आणि घड्याळ पाहिलं. आम्ही दगडावर बसलो. आधी काहीच होत नव्हतं. मग समुद्राकडून एक जलपर्णीचा पुंजका आला, पाठोपाठ नारळाचं सोडण, पाठोपाठ कोणाची तरी चप्पल, आणि सगळं महाडच्या दिशेने, म्हणजे नदीच्या उलट, डोंगराकडे, शांतपणे चाललं. सई उठून उभी राहिली. आयुष्यभर मुठा एकाच दिशेला वाहताना पाहिलेल्या मुलीला नदी उलटी जाताना पाहणं म्हणजे काहीतरी चुकतंय असंच वाटणार. मलाही वाटलं. काठीवरचं पाणी दोन बोटं चढलं, मग चार, मग वीत.

"भांग जवळ आहे, नाहीतर हाताएवढं चढलं असतं," काका म्हणाले.

पाच चाळीसला चप्पल थांबली. पुढे नाही, मागे नाही, जागच्या जागी गोल फिरत राहिली. काकांनी काठी उपटली, पुसली आणि सईला म्हणाले, "तुझा मोबाइल काय म्हणतो?"

परत माणगाव, निजामपूर, ताम्हिणी. ताम्हिणीत थंडी कडक होती, तरी चारही काचा खाली ठेवाव्या लागल्या, कारण सुकटाची पिशवी अजून काकांच्या मांडीवरच होती.